आईच्या रिपोर्टमधले ‘आर’ आणि गावतळ्याचा गाळ

भाऊ,

तुमचं पत्र लांब आहे, म्हणून आधी ते थोडक्यात मांडतो. रावेर तालुक्यात तुमची केळी आणि बांधाला लागून शेजाऱ्याचं पोल्ट्री शेड. गेल्या उन्हाळ्यात तुम्ही गावतळ्यातला गाळ शेतात ओढला. दिवाळीनंतर आईला लघवीचा संसर्ग झाला. कल्चर, म्हणजे जंतू वाढवून त्यावर औषधं लावून बघायची तपासणी, केलं तर सोळा औषधांपैकी अकरांपुढे ‘आर’, म्हणजे रेझिस्टंट. त्याच सुमारास तुमच्या वाचनात आलं की धूळ, माती, प्लास्टिक यांचे बारीक कण अँटिबायोटिकला दाद न देणारे जीन पसरवतात. आता तुम्ही विचारता की हे खरं का, आईला ते आपल्याच शेतातून आलं का, आणि दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्राच्या राखेचा यात हात किती.

राखेचं आधी उरकतो. हजार अंशांच्या वर तापलेल्या भट्टीतून निघालेल्या राखेत जंतूही उरत नाही आणि त्याचा डीएनएही. ती राख फुप्फुसाला वाईट, पिकाच्या पानावर बसली तर वाईट. पण जीन तिथून निघत नाहीत. हा वेगळा विषय आहे, तो यात मिसळू नका.

आईचं. मी सत्तावीस वर्षं जळगावात सूक्ष्मजीवशास्त्राच्या लॅबमध्ये काढली, त्यातली निम्मी दवाखान्यांच्या कल्चर प्लेटा वाचण्यात गेली. तुम्ही पाठवलेल्या रिपोर्टात ई. कोलाय आहे आणि खाली ‘ईएसबीएल पॉझिटिव्ह’ असा शेरा आहे, म्हणजे पेनिसिलीनच्या जातकुळीतली बरीच औषधं तोडणारं एन्झाइम या जंतूकडे आहे. असे रिपोर्ट आमच्याकडे रोज येतात. यामागे बहुतेक वेळा सीटीएक्स-एम गटातला जीन असतो, भारतात त्यातला पंधरा नंबरचा फार आढळतो. हा जंतू आईच्या स्वतःच्या आतड्यातून मूत्रमार्गात गेला असणार. आतड्यात तो कधी आणि कुठून बसला, पाण्यातून, जेवणातून, दवाखान्यातून की मागे घेतलेल्या गोळ्यांमुळे वाढला, हे या एका कागदावरून कुणीच सांगू शकत नाही. म्हणून शेताला दोष देऊन झोप उडवून घेऊ नका. त्याच रिपोर्टात नायट्रोफ्युरान्टॉइन आणि फॉस्फोमायसीनपुढे ‘एस’ आहे, म्हणजे ही औषधं जंतूवर चालतात. म्हणजे रस्ता उरलेला आहे. कागद डॉक्टरांना दाखवा, आणि मेडिकलवरून आपल्या मनाने गोळ्या आणणं बंद करा. आता मूळ प्रश्नाकडे येतो.

हे जीन मुळात नवे नाहीत. कॅनडाच्या युकॉन भागातल्या तीस हजार वर्षं जुन्या गोठलेल्या मातीतही ते सापडले, २०११ मध्ये ते प्रसिद्ध झालं. मातीतल्या बुरश्या आणि जंतू आपसात औषधं वापरूनच भांडत आले, त्यामुळे त्यांवरचे तोडगेही तितकेच जुने. फरक पडला तो वेगात आणि गर्दीत. जंतू जीन फक्त पोराबाळांना देत नाही, शेजाऱ्यालाही देतो, आणि शेजारी वेगळ्या जातीचा असला तरी चालतो. एक रीत अशी: दोन जिवंत जंतू एकमेकांना चिकटतात आणि प्लास्मिड नावाची डीएनएची गोल कडी एकातून दुसऱ्यात उतरते. दुसरी रीत म्हणजे मेलेल्या जंतूचा सांडलेला डीएनए जिवंत जंतू उचलून घेतो. फ्रेडरिक ग्रिफिथ यांनी १९२८ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात ही दाखवली, तेव्हा डीएनए म्हणजे काय हेही नीट माहीत नव्हतं. तिसरी रीत जंतूंना खाणाऱ्या विषाणूंमार्फत चालते, ती आज बाजूला ठेवू.

आता यात कण कुठे आला? पाण्यात सुटे पोहणारे दोन जंतू एकमेकांपासून, त्यांच्या आकाराच्या हिशेबाने, कोसभर लांब असतात. त्यांची गाठ पडणं कठीण. कणाला पृष्ठभाग असतो, त्यावर खाद्य चिकटतं, खाद्यामागे जंतू येतात, चिकट थर करून बसतात. सावद्याच्या बाजाराच्या दिवशी सगळ्या खेड्यांतली माणसं जशी एका रस्त्यावर दिसतात तसं. सोयरिकी बाजारातच जमतात. लोक कणाकडे फक्त वाहन म्हणून बघतात, म्हणजे जीन त्यावर बसून इथून तिथे गेले, एवढंच. ते होतंच, पण माझ्या मते मोठी गोष्ट तिथे घडणारी देवघेव ही आहे. आणि देवघेवीला ओल लागते. खडखडीत कोरड्या कणावर जंतू फार तर काही काळ तग धरतो, फारसा काही करत नाही. हे ध्यानात ठेवलंत तर पुढचं सगळं लागत जाईल.

आपल्या काळ्या मातीपासून सुरू करतो, कारण ती या बाबतीत साधीसुधी नाही. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा आणि पावसात पायाला किलोभर चिखल, हे जिच्यामुळे होतं ती मॉन्टमोरिलोनाइट जातीची चिकणमाती. तिचे कण दोन मायक्रॉनपेक्षा लहान (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि प्रत्येक कण म्हणजे पापडांची चवड. या थरांची आतली बाहेरची सगळी पृष्ठं मोजली तर एका ग्रॅमला आठशे चौरस मीटरच्या आसपास भरतात. पाच ग्रॅम शुद्ध चिकणमाती, म्हणजे चहाचा एक चमचा, पसरली तर जवळजवळ एक एकर. आपल्या काळ्या रानात वजनाच्या निम्म्याच्या आगेमागे चिकणमाती असते. तुमच्या पाच एकरांखाली किती एकर दडलेत, बघा.

या पृष्ठावर सांडलेला डीएनए चिकटतो. दोघांवर ऋण भार असतो, तरी मधे कॅल्शियम, मॅग्नेशियम दुभाष्यासारखे उभे राहतात आणि जमवून देतात. आपल्या चुनखडीच्या जमिनीत त्यांची कमी नाही. चिकटलेला डीएनए मातीतल्या एन्झाइमांना सहज तोडता येत नाही. सुटा डीएनए जिथे लवकर संपतो तिथे चिकटलेला कितीतरी जास्त टिकतो. प्रयोगशाळेत असंही दाखवलंय की बॅसिलस सबटिलिससारखा मातीतला जंतू असा चिकटलेला डीएनए काढून घेऊन वापरू शकतो. पण याला दुसरी बाजू आहे. माती डीएनए इतका घट्ट धरते की तो पुष्कळदा कुणाच्याच उपयोगी पडत नाही. आम्ही मातीतून डीएनए काढतो तेव्हा फॉस्फेटचं द्रावण ओततो, ते मातीवरची जागा बळकावतं आणि डीएनए सुटतो. एवढी खटपट माणसाला करावी लागते, तिथे जंतूचं काय! म्हणजे एकच माती जीनची तिजोरीही असते आणि तुरुंगही. कुठल्या वेळी काय, हे सामू (पीएच), क्षार आणि ओल ठरवतात. ‘काळी माती जीन पसरवते’ असं सरसकट कुणी म्हणालं तर मान हलवू नका.

औषधांचंही तसंच. टेट्रासायक्लीन आणि एनरोफ्लॉक्सासिनच्या गटातली औषधं चिकणमातीला घट्ट चिकटतात, सल्फा औषधं फारशी चिकटत नाहीत, ती पाण्याबरोबर विहिरीकडे निघतात. चिकटलं म्हणजे निकामी झालं, असं आम्हीही पूर्वी धरून चालायचो. पण मातीला चिकटलेलं टेट्रासायक्लीनसुद्धा जंतूंवर काम करतं, हे २००५ च्या सुमारास अमेरिकेतल्या प्रयोगांत दिसलं. आणि २०११ मध्ये स्वीडनमधल्या मंडळींनी दाखवलं की जंतू मरायला जेवढं औषध लागतं त्याच्या शंभर पटीहून कमी मात्रेतही दाद न देणारा जंतू साध्या जंतूला मागे टाकतो. मारण्याइतकं औषध लागतच नाही, नुसता वास पुरतो.

इथे तुम्हाला एक सरळ विचारतो. कंद सडायला लागला की तुम्ही कॉपर ऑक्सिक्लोराईडमध्ये ती पांढरी पुडी मिसळून आळवणी करता ना? पुडीत नऊ भाग स्ट्रेप्टोमायसीन आणि एक भाग टेट्रासायक्लीन असतं. मोहरीएवढी चिमूट बादलीत टाकताना ते माणसाचंच औषध आहे हे कुणाच्या मनात येत नाही. दुकानदार सांगतो, शेजारी करतो, आपणही करतो. पण बघा काय जमून येतं: ओली माती, तिच्यावर शेणखताचे जंतू, वरून अँटिबायोटिक आणि तांबं. अँटिबायोटिक काही आठवड्यांनी विरेल, तांबं विरत नाही, वर्षानुवर्षं साचतं. डेन्मार्कमध्ये डुकरांच्या खाद्यात तांबं घालत. तिथल्या जंतूंमध्ये तांबं सोसणारा जीन आणि अँटिबायोटिकला दाद न देणारे जीन एकाच प्लास्मिडवर सापडले. म्हणजे पुढे औषध बंद केलं तरी तांब्याच्या दाबाखाली दोघांचं बिऱ्हाड सोबतच टिकतं. केंद्र सरकारने पिकांवरचं हे औषध थांबवायचा मसुदा २०२१ च्या डिसेंबरात काढला. तुम्ही त्याची वाट बघू नका. रोगट कंद उपटून बाहेर टाकणं, निचरा सुधारणं आणि स्वच्छ रोपं यांनी कंदकूज जेवढी आटोक्यात येते, तेवढी पुडीने आलेली मी पाहिली नाही.

आता गाळ. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ २०१७ ला सुरू झाल्यापासून आपल्याकडे गाळाला सोन्याचा भाव आलाय, आणि जमिनीला तो चांगला आहेच. प्रश्न इतकाच की गाळ कुठला. पाणी जिथे थबकतं तिथे कण खाली बसतात. चांगदेवला पूर्णा तापीला मिळते, पुढे हतनूर धरणाचा फुगवटा आहे, दोन्ही नद्यांनी आणलेला गाळ तिथे बसतो. गावतळ्यातही तेच, फक्त तिथे डोंगराच्या मातीऐवजी गावाच्या गटारीतून आलेली शेणकी, दवाखान्याचं धुवण, पोल्ट्रीचं पाणी बसतं. पाण्यातल्या जंतूंपैकी मोठा वाटा कणांना धरून असतो, म्हणून वरचं पाणी नितळ आणि तळचा गाळ भरलेला. लॅबमध्ये आम्ही एकाच ठिकाणचं पाणी आणि गाळ शेजारी शेजारी लावायचो. पाण्याच्या प्लेटवर वसाहती मोजता यायच्या, गाळाच्या प्लेटवर मोजायला जागा नसायची, अँटिबायोटिक घातलेल्या प्लेटवरसुद्धा. आणि पहिल्या पुराचं तांबूस गढूळ पाणी आलं की तळाचं सगळं पुन्हा वर उठतं.

तुमचा गाळ ओळखायची सोपी खूण सांगतो. ढेकूळ फोडा. करडा, मातीचा वास असेल तर ठीक. आतून काळाकुट्ट आणि सडक्या अंड्याचा वास असेल तर त्यात गटार आहे. तसा गाळ चैत्र-वैशाखात पातळ पसरून दोन महिने उन्हात राहू द्यायचा. आपलं पंचेचाळीस अंशांचं ऊन, जे आपल्याला नको वाटतं, ते इथे फुकट काम करतं. आतड्यातले जंतू कोरड आणि ऊन सोसत नाहीत. चिकटलेला डीएनए थोडा उरेल, पण घेणारे आणि देणारे दोघेही कमी झालेले असतील. त्या रानात पहिल्या हंगामात मेथी, कोथिंबीर, मुळा नको. केळीला हरकत नाही, घड वर आणि सालीत.

प्लास्टिकचं पुष्कळ बोललं जातं, त्यात तथ्य किती? जर्मनीतल्या श्टेखलिन सरोवरातल्या पाण्यावर झालेलं काम २०१८ मध्ये आलं. प्लास्टिकच्या कणांवर बसलेल्या जंतूंत प्लास्मिडची देवघेव सुट्या जंतूंपेक्षा जास्त दिसली. मला ते पटायला परदेशात जावं लागलं नाही. मल्चिंगचा पंचवीस-तीस मायक्रॉनचा प्लास्टिक कागद दोन हंगामांत फाटतो, रोटाव्हेटरखाली त्याच्या चिंध्या होतात. पावसाळ्यात सरीतल्या डबक्यातून अशी एक चिंधी काढून बोटांत चोळा. बुळबुळीत लागेल. तो बुळबुळीतपणा म्हणजेच जंतूंचा थर. ढेकूळ पावसाने विरघळतं, चिंधी विरघळत नाही, उलट तरंगत नाल्यात आणि नाल्यातून तापीत जाते. म्हणून कागद फाटायच्या आधी गुंडाळून काढा, भंगारवाला नेतो. तरीही वजन करायचं तर तुमच्या शेतात शेणखत आणि गाळ पहिले, प्लास्टिक बरंच मागे.

नॅनो कणांबद्दल, म्हणजे मायक्रॉनहूनही कितीतरी बारीक कणांबद्दल, तुम्ही एका ओळीत विचारलंय, मीही तेवढंच सांगतो. २०१२ मध्ये चीनमधल्या प्रयोगात ॲल्युमिनाच्या नॅनो कणांनी जंतूंमधली प्लास्मिडची देवघेव दोनशे पटीपर्यंत वाढली. कणांमुळे जंतूवर ताण येतो, त्याच्या पडद्याला इजा होते, आणि ताणलेला जंतू जीन सोडायला-घ्यायला जास्त तयार होतो. पण ती मात्रा काचेच्या नळीतली होती. आपल्या नदीत ती नसते.

राहिली धूळ. वैशाखातल्या वावटळीला घाबरायचं का? हिशेब करून बघा. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण, आणि जंतूच एक-दोन मायक्रॉनचा. लुनावर म्हैस बसवल्यासारखं. असल्या कणावर बाजार भरत नाही, फार तर एखादा प्रवासी किंवा डीएनएचा तुकडा. शिवाय वर ऊन आणि कोरड. ११६ देशांची आकडेवारी जुळवून २०२३ मध्ये एक अभ्यास आला, त्यात जिथे पीएम २.५ जास्त तिथे प्रतिरोधही जास्त दिसला. पण जिथे हवा खराब तिथे बहुधा गटारंही उघडी आणि गोळ्याही खुल्या मिळतात. सोबत दिसलं म्हणजे एकामुळे दुसरं झालं, असं लगेच होत नाही.

मात्र शेडची धूळ वेगळी. टेक्सासमधल्या गुरांच्या मोठ्या गोठ्यांमधून वाऱ्याने उडणारी धूळ २०१५ मध्ये तपासली, तिच्यात जंतू, जीन आणि खुद्द अँटिबायोटिक, तिन्ही एकत्र मिळाले. आपल्याकडच्या शेडमध्ये लिटर, म्हणजे कोंबड्यांखालचा भुसा आणि विष्ठेचा थर, उपसताना जो पिवळसर ढग उठतो, तो त्याच जातीचा. खान्देशाला पोल्ट्रीचा धडा नवापूरने २००६ मध्ये एकदा दिलाच, तेव्हा तो बर्ड फ्लूचा होता. कोंबड्यांना कोलिस्टिन हे अँटिबायोटिक द्यायला केंद्राने २०१९ मध्ये बंदी घातली हे शेजाऱ्याला सांगा, पण भांडू नका. त्याला म्हणा, लिटर काढायच्या आधी पाण्याचा हलका फवारा मार आणि पोरांना तोंडाला फडकं बांधायला लाव. फवारा म्हणजे चिखल नव्हे हां, नाहीतर मी वर ओलीबद्दल बोललो ते सगळं तिथेच सुरू होईल.

आता करायचं काय. माझ्या दृष्टीने तुमच्या शेतात दोन जागा आहेत, आणि त्यातली एक तुम्ही पत्रात लिहिलेलीच नाही. ती म्हणजे ठिबकचा सँड फिल्टर. नाल्याचं पाणी त्यातून जातं, कण वाळूत अडकतात, आणि आठवड्याने तुम्ही बॅकवॉश मारता, म्हणजे पाणी उलटं सोडून फिल्टर धुता. बाहेर पडणारं ते चहासारखं पाणी म्हणजे नाल्यातले सगळे कण, गोळा करून, घट्ट करून. ते जातं कुठे? मी पाहिलेल्या दहा शेतांपैकी सात ठिकाणी ते विहिरीच्या काठाशीच मुरत होतं, आणि एका ठिकाणी शेळ्या त्यात तोंड घालत होत्या. एक पाईप जोडा, विहिरीपासून लांब उन्हात एक उथळ खड्डा करा, तिथे सोडा आणि सुकू द्या. खर्च पाईपचा.

दुसरी जागा उकिरडा. शेजाऱ्याचं लिटर आणि तुमचं शेण नुसतं ढिगाने पडून राहिलं तर वरून सुकतं आणि आत ओलं थंड राहतं. त्याला तापू द्यायचं. ५५ अंशांच्या वर पंधरा दिवस, आणि तेवढ्यात पाच वेळा उलटापालट, हा अमेरिकेचा नियम आपल्या ढिगालाही लागू पडतो. आतडी जंतू यात मरतात, पुष्कळसे जीनही घटतात, सगळे जात नाहीत. सल्फा औषधाचा एक जीन तर चिवट आहे, तो उरतो. लिटरमध्ये कपाशीचा पालापाचोळा किंवा पिंजारलेलं केळीचं खोड मिसळलं तर ढीग चांगला तापतो. लोखंडी सळई मधोमध खुपसून दहा मिनिटांनी काढा, हातात धरवली नाही तर ढीग बरोबर चाललाय.

घरातलं पिण्याचं पाणी. धुळ्याकडच्या एका मावशींकडे नमुना घ्यायला गेलो होतो, त्या म्हणाल्या, “पानी गढूळ शे भाऊ, औषध दुप्पट टाकं मी.” गढूळ पाण्यात क्लोरीन दुप्पट टाकून उपयोग कमी, कारण कणाच्या आडोशाला बसलेल्या जंतूपर्यंत ते पोचतच नाही आणि निम्मं गाळातच खर्ची पडतं. आधी तुरटी फिरवा, रात्रभर निवळू द्या, वरचं पाणी दुहेरी फडक्यातून ओता, मग क्लोरीन, मग अर्धा तास थांबा. आईसाठी उकळलं तर उत्तम. रांजणाच्या तळाचा गाळ परसातल्या मेथीच्या वाफ्यात ओतायची सवय आपल्या बायकांना असते, तो झाडाच्या आळ्यात ओता.

शेवटी तुम्ही विचारलंय की माती कुठल्या लॅबमध्ये पीसीआरला पाठवू. पाठवू नका. पीसीआर जीन आहे का एवढंच सांगतो. तो जिवंत जंतूत आहे की चिकणमातीला चिकटलेल्या मेलेल्या तुकड्यात, हे सांगत नाही. आणि काळ्या मातीत काही ना काही सापडणारच, मग तुम्ही आणखी घाबराल. त्या पैशांत लांब दांड्याचं कंपोस्ट थर्मामीटर येतं. सळईपेक्षा बरं. ढीग लावलात की तिसऱ्या आणि सातव्या दिवशीचे आकडे मला कळवा.